रंग अडवणाऱ्या हातांची गोष्ट

गणेशपुरीहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. आज विषय आमच्या ठशाच्या कार्डांचा. या कार्डांवर आम्ही नक्षी रंगवत नाही, नक्षीवर रंग बसू देत नाही. लाकडी ठसा वितळलेल्या मेणात बुडवायचा, कार्डावर टेकवायचा. मेण थिजलं की वरून गेरूचं पाणी फिरवायचं. मेणाखालचा कागद कोरा राहतो आणि तांबड्यावर पांढरी नक्षी उठते, आपल्याकडच्या वारली लग्नातल्या चौकासारखी.

गटातल्या काहीजणी म्हणाल्या, हा तर पोरांचा खेळ, मेणबत्ती घासून शाळेत करतात तो. म्हणून आम्ही जरा मागे जाऊन पाहिलं. तर हा खेळ थेट विजापूरच्या आदिलशाहीत निघाला! शहाजीराजे पुढे ज्या दरबारात होते, तोच.

तिथे १७व्या शतकाच्या पूर्वार्धात अबरीची चित्रं होत. फारसीत अब्र म्हणजे ढग. परातीत घट्टसर चिकट पाणी घ्यायचं, त्यावर रंगाचे थेंब तरंगत सोडायचे, काडीने फिरवायचे आणि वर अलगद कागद टेकवून उचलायचा. ढगांची नक्षी कागदावर येते. इराणातल्या आणि हिंदुस्थानातल्या जुन्या कृतींत हे पाणी चिकट करायला मेथी वापरलेली आहे. भिजवलेल्या मेथीला कशी तार सुटते, ते आपल्याला कुणी सांगायला नको.

असा कागद इतर देशांतही व्हायचा. विजापूरकरांनी त्याचं चित्र केलं. जिथे रंग नको तिथे डिंक लावायचा किंवा आकार कापलेला कागद ठेवायचा. मग ढग उमटणार ते फक्त घोड्याच्या अंगावर, बाकी कागद कोरा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असा एक घोडा आहे. बरगड्या मोजाव्यात इतका वाळलेला, आणि वर तसाच खंगलेला स्वार. दरबारात हत्ती, सिंहासनं रंगवणं सोपं होतं. इतकी मेहनत घेऊन कुणीतरी उपाशी घोडं काढलं, हे आम्हाला फार आवडलं. ते कुणी काढलं, त्याचं नाव मात्र उरलेलं नाही. आदिलशाहीही १६८६ मध्ये औरंगजेबाने संपवली.

आमचंही पहिल्या झटक्यात जमलं नाही. मेण फार तापलं तर कागदात पसरतं आणि नक्षीभोवती तेलकट कडं पडतं. निवत आलं तर वरवर बसतं, त्याचे पापुद्रे सुटतात, खाली गेरू शिरतो. शेवटी मेण काढायला वर्तमानपत्र ठेवून इस्त्री फिरवली, तर बातम्यांची अक्षरं कार्डावर उलटी उमटली. वीस कार्डं वाया. आता कोरा टिपकागद वापरतो.

मग एका दुकानदाराने मोठी मागणी दिली, पण अट घातली की कार्डामागे करणारीचं नाव नको, फक्त दुकानाचा शिक्का. आमच्यात दोन तट पडले. एक म्हणाली, नावाने चूल पेटत नाही. ती खोटं बोलत नव्हती, तिच्या घरची अडचण आम्हाला माहीत आहे. दुसरी म्हणाली, माझ्या आजीने जन्मभर लग्नाचे चौक लिहिले, भिंत पडली तसं तेही गेलं, विचारायला आता कुणी नाही.

दोन बैठका झाल्या. ठरलं असं, की पुढे त्याचा शिक्का असू दे, पण मागच्या कोपऱ्यात प्रत्येकीने मेणाच्या काडीने आपलं नाव लिहायचं आणि वरून गेरू फिरवायचा. दोघींना लिहिता येत नव्हतं. त्या आठवडाभर पाटीवर गिरवत होत्या.

दुकानदाराने निम्मीच कार्डं घेतली. उरलेली गुरुपौर्णिमेला आम्ही गरम कुंडांच्या वाटेवर मांडणार आहोत.