शॉर्ट्सचं माहेर

१९१० साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात जेकब गोलोम्ब नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पोहण्याच्या कपड्यांवर वैतागला होता. बाप शिंपी, स्वतःला पोहण्याची हौस, आणि दुकानातून आणलेला पोशाख मात्र एका उन्हाळ्यात विरून जायचा. मग त्याने स्वतःच शिवायला घेतलं आणि विकताना हमी दिली, वर्षभर टिकेल. कंपनीचं नाव ठेवलं ‘एव्हरलास्ट’. आज हे नाव बॉक्सिंगच्या ग्लोव्ह्जवर आणि ठोसे मारायच्या बॅगांवर दिसतं, पण त्याची सुरुवात पाण्यात झाली.

समुद्रावर किंवा तलावावर कुणी जिममधल्या, धावायच्या नाहीतर बास्केटबॉलच्या शॉर्ट्स घालून आला, की ‘हा कॉस्च्यूम विसरला’ किंवा ‘याला घ्यायचाच नव्हता’ असं आपण धरून चालतो. या कपड्याचं कूळ शोधत मागे गेलं की वेगळंच दिसतं. खेळाची शॉर्ट आणि पोहण्याची चड्डी शंभर वर्षांहून जास्त काळ एकमेकींचे कपडे पळवत आल्या आहेत.

त्याआधी पुरुषांना पोहायला काही लागतच नव्हतं. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये पुरुष समुद्रात सर्रास नागवे उतरत. फ्रान्सिस किल्व्हर्ट हा पाद्री १८७४ साली शँकलिनला गेला तेव्हा चड्डी घालून पाण्यात उतरण्याची सक्ती झाली, आणि त्याबद्दलचा त्रागा त्याने रोजनिशीत लिहून ठेवला. आपल्याकडे विहिरीत मुटका मारणाऱ्या पोरांना लंगोट किंवा घरातली चड्डी पुरे व्हायची. पोहण्यासाठी वेगळा कपडा घ्यायचा, तो भिजवायचा आणि वेगळा वाळत घालायचा, ही सगळी कल्पनाच तशी नवी.

युरोप-अमेरिकेत हा वेगळा कपडा आला तो लोकरीचा. ओलं सुती कापड अंगाला चिकटतं आणि आरपार दिसतं, लोकर तेवढं उघड करत नाही, म्हणून लोकर. ती कशी बदलली याची गोष्ट अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलँड शहराची आहे. तिथे स्वेटर विणणाऱ्या एका गिरणीकडे १९१३च्या सुमाराला रोइंग क्लबचा एक गडी आला. सकाळच्या गारठ्यात होडी वल्हवताना घालायला उबदार चड्डी हवी होती. गिरणीने स्वेटरच्या मनगटाला जी ताणणारी वीण असते तीच वापरून चड्डी करून दिली. ती त्याला इतकी आवडली की त्याच विणीचा पोहण्याचा पोशाखही त्याने मागितला. ओला झाल्यावर त्याचं वजन सुमारे ८ पौंड भरायचं, म्हणजे साडेतीन किलोच्या वर! तरीही तो चालला. गिरणीच्या मालकांपैकी एक कार्ल जँटझन. पुढे कंपनीने त्याचंच नाव घेतलं आणि जँटझन हा पोहण्याच्या पोशाखातला मोठा ब्रँड झाला. थोडक्यात, पोहण्याच्या पोशाखाचा आधुनिक पूर्वज म्हणजे वल्हेकऱ्याची चड्डी.

उलट दिशेची देवाणघेवाण गोलोम्बने केली. १९१७ साली जॅक डेम्प्सी हा बॉक्सर त्याच्याकडे आला. सरावात डोक्याला मार लागू नये म्हणून त्याला टोप हवा होता. डेम्प्सी पुढे हेवीवेट विजेता झाला आणि एव्हरलास्ट पाण्यातून बाहेर पडून बॉक्सिंगमध्ये शिरलं. त्या काळी बॉक्सर चामडी पट्टा आवळून चड्डी घालत. १९२५ साली गोलोम्बने तो पट्टा काढला आणि कमरेला इलॅस्टिक लावलं. पाय मोकळे राहिले, कंबर मोकळी झाली. काही बॉक्सर नंतर पुन्हा पट्ट्याकडे वळले, कारण पोटावरचा ठोसा त्यावर थोडा तरी अडायचा. पण इलॅस्टिकची सैल शॉर्ट तोवर रुळली होती. ‘बॉक्सर’ म्हणून आज जी अंतर्वस्त्रं विकली जातात ती तिथूनच आली. अंगावर अडकवायची, ओढायची आणि पळायचं, ही जी खेळाच्या शॉर्टची मूळ रचना, ती अशी पोहण्याच्या कपड्यांच्या एका शिंप्याकडून आली.

पोहण्याचा पोशाख मात्र याच काळात आखूड आणि घट्ट होत चालला होता, आणि दर इंचाला कुणीतरी हरकत घेत होतं. सिडनीच्या मॅक्रे निटिंग मिल्सने १९२८ साली खांदे आणि पाठ मोकळी ठेवणारा पोशाख काढला आणि ‘स्पीडो’ हे नाव रूढ केलं. १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्लेअर डेनिस ही ऑस्ट्रेलियन मुलगी तो घालून उतरली तेव्हा खांदे फार दिसतात म्हणून तक्रार झाली, आणि तिने सुवर्णपदक जिंकलं. पुरुषांची छाती हा तर पोलिसांचा विषय होता. जॉनी वाइसमुलर त्याच साली टारझन होऊन पडद्यावर कमरेच्या फडक्यात झाडांवरून झोके घेत होता. इकडे अमेरिकेच्या किनाऱ्यांवर बनियन न घालणाऱ्यांना पोलीस पकडत. १९३५ साली अटलांटिक सिटीला तर घाऊक धरपकड झाली. छाती मोकळी व्हायला तीसचं दशक सरावं लागलं.

ऑस्ट्रेलियात १९३५च्या नियमाप्रमाणे पोशाखाने काखेपासून कमरेपर्यंतचा पुढचा भाग झाकलेला आणि पाय किमान ३ इंच असायला हवा होता. बाँडी किनाऱ्यावर ऑब लेडलॉ हा बीच इन्स्पेक्टर टेप घेऊन हिंडायचा. १९६१ साली पीटर ट्रॅव्हिसने स्पीडोसाठी कमरेऐवजी नितंबाच्या हाडावर बसणारी छोटी ब्रीफ काढली. ती घालणाऱ्यांनाही लेडलॉने धरलं. पुढे खटला टिकला नाही. या माणसाबद्दल मला थोडी कणव वाटते. आयुष्यभर टेप लावली आणि माप मात्र त्याच्या डोळ्यांदेखत आखूड होत गेलं.

ही ब्रीफ शर्यतीला उत्तम, पण समुद्रावर फळी घेऊन लाटांवर स्वार होणाऱ्यांच्या ती काही कामाची नव्हती. इथून आपल्या गोष्टीतला खरा मोठा भाग सुरू होतो.

सर्फर फळीवर पोटावर झोपून हातांनी पाणी मागे सारतो, मग त्यावर गुडघे टेकतो, मग उभा राहतो. पाय घसरू नये म्हणून फळीला मेण लावलेलं असतं आणि त्यावर वाळू चिकटते. त्या खरखरीत पृष्ठभागावर उघड्या मांड्या घासल्या की सोलवटून निघतात. शिवाय मोठी लाट अंगावर कोसळली की इलॅस्टिकची चड्डी गुडघ्यापाशी जाते. म्हणून सर्फरला हवी होती लांब, जाड कापडाची आणि पुढे नाडीने करकचून बांधता येईल अशी चड्डी. बाजारात ती नव्हतीच. पन्नासच्या दशकात कॅलिफोर्नियाची पोरं जुन्या कपड्यांच्या दुकानातून नौदलातल्या खलाशांच्या पांढऱ्या विजारी उचलत आणि गुडघ्याशी कापत. शिवलेलं हवं असेल तर हवाई बेटांवर ओआहूच्या वायनाए गावात एम. नी या जपानी वंशाच्या शिंप्याचं दुकान होतं. जवळच माकाहाच्या लाटा. मापाने चड्डी शिवून मिळायची, मेणाचा तुकडा ठेवायला खिसा असायचा. त्या चड्ड्यांना लोक ‘माकाहा ड्राउनर्स’ म्हणत. माकाहात बुडणाऱ्यांची चड्डी! कॅलिफोर्नियातून आलेला पोरगा ती घालून घरी परतला की लाटांवर जाऊन आल्याचा तोच पुरावा.

कॅलिफोर्नियातच सर्फसाइड गावी वॉल्टर आणि नॅन्सी कॅटिन हे जोडपं बोटींवर घालायची कॅनव्हासची आच्छादनं शिवायचं. कॉर्की कॅरोल हा शेजारचा पोरगा त्यांच्याकडे आला. चड्ड्या टिकत नव्हत्या, म्हणून त्याने बोटीच्याच कापडाची चड्डी मागितली. शिवून दिली. काही काळाने आच्छादनं मागे पडली आणि चड्ड्याच मुख्य धंदा झाला. कॅरोल पुढे अमेरिकेचा सर्फिंग विजेता झाला. १९६१ साली सांता ॲना शहरात कॅरी बर्डवेल मान या बाईने दुहेरी नायलॉनच्या शॉर्ट्स शिवायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियातल्या टॉर्की गावी ॲलन ग्रीन आणि जॉन लॉ यांनी १९६९ साली क्विकसिल्व्हर सुरू केली. त्यांच्या शॉर्टला पाठीकडे कंबर थोडी उंच, पुढे वेल्क्रो आणि टिचबटण. फळीवर ओणवं झाल्यावर मागून पाणी शिरू नये, म्हणून ही उंची. लाट आणि फुजी पर्वत हे त्यांचं चिन्ह होकुसाईच्या जपानी चित्रावरून घेतलेलं. १९६६ साली ब्रूस ब्राउनचा ‘दि एन्डलेस समर’ आला, त्यातले दोन तरुण लाटांच्या शोधात जगभर फिरले, आणि शॉर्ट्सही फिरल्या. मग लाटेजवळ न जाणाऱ्या लोकांनीही त्या घ्यायला सुरुवात केली. आज आपल्या दुकानांत फुलाफुलांच्या ‘बीच शॉर्ट्स’ म्हणून ज्या मिळतात, त्या याच चड्डीच्या दूरच्या नातलग.

धावण्याच्या शॉर्टचा संबंध तर अगदी उघड आहे. पेनसिल्व्हेनियातल्या शिलिंग्टनची डॉल्फिन ही कंपनी पोहण्याचे पोशाख करायची. तिनेच बाजूला गोलाई कापलेल्या, वेगळ्या रंगाच्या पट्टीने मढवलेल्या, आखूड नायलॉनच्या धावायच्या शॉर्ट्स काढल्या. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत सगळीकडे त्याच दिसत. पातळ नायलॉन, आत शिवलेली छोटी चड्डी, लगेच वाळणारं कापड. पोहण्याच्या चड्डीत आणि हिच्यात फरक सांगायचा तर कुठे सांगणार? असली शॉर्ट घालून समुद्रात उतरणारा माणूस खरं तर ती जिथून आली तिथेच तिला परत नेतो.

बास्केटबॉलची गोष्ट निराळी. मायकेल जॉर्डनला शिकागो बुल्सच्या पोशाखाखाली आपल्या जुन्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाची शॉर्ट घालायची सवय होती, म्हणून बाहेरची लांब आणि सैल हवी होती. १९९१ साली मिशिगन विद्यापीठाच्या संघातल्या पाच पोरांनी ती आणखी खाली नेली. गुडघ्यापर्यंत आलेली जाळीदार पॉलिएस्टरची ही शॉर्ट नव्वदच्या दशकात मैदानावरून गल्लीत आणि गल्लीतून किनाऱ्यावर आली. कापड म्हणून ती पाण्याला वाईट नाही. नेहमीच्या हवेत सुती कापड आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओल धरतं, नायलॉन ४, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. अडचण घेराची. पाण्यात उडी मारली की आत हवा अडकून शॉर्ट फुगते. पोहताना तेवढं कापड ओढावं लागतं. आत चड्डी नसते, आणि खिशात मोबाईल राहून गेलेला असतो.

समुद्राला याचं काही सोयरसुतक नाही. हरकत घेतो तो तलाव. बंदिस्त पाणी फिरवून फिरवून वापरायचं, म्हणजे फिल्टर आला, आणि फिल्टरला कपड्याचे तंतू चालत नाहीत. लोकरीच्या जमान्यात हा प्रश्न इतका पेटला होता की अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशनने १९२६ साली पुरुषांच्या बंदिस्त तलावांत नागव्यानेच पोहावं अशी शिफारस केली, आणि ती १९६२पर्यंत टिकली. नायलॉनने तंतूंचा प्रश्न संपवला. उरला घामाचा. घामातल्या नायट्रोजनशी क्लोरिनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतं. तलावावर नाकाला झोंबतो आणि डोळे चुरचुरवतो तो वास नुसत्या क्लोरिनचा नसतो, तो याचाही असतो. म्हणून फ्रान्समध्ये सार्वजनिक तलावांवर पुरुषांना घट्ट चड्डीच सक्तीची. सैल शॉर्ट माणूस दिवसभर रस्त्यात घालून फिरलेला असू शकतो, ही तिथली शंका. ती अगदीच खोटी म्हणता येत नाही. मुंबई-पुण्याच्या तलावांवरही ‘नायलॉनचा पोशाख व टोपी आवश्यक, हाफ पँट व बर्म्युडा घालून पोहण्यास मनाई’ अशा पाट्या असतात. फाटकाबाहेरचा विक्रेता उन्हाळ्यात ब्रीफ आणि गॉगल याच नियमावर विकतो. वॉटर पार्कवाल्यांनी आपला तोडगा काढला आहे, खिडकीवरच नायलॉनची शॉर्ट-टीशर्ट भाड्याने मिळते.

कोकणच्या किनाऱ्यांवर पाटी नाही, त्यामुळे पुरुषमंडळी जे अंगात असेल ते घेऊन उतरतात. सुती थ्री-फोर्थ, जीन्सची कापलेली, क्वचित फुलपँटही. त्यात समुद्राचं पाणी वाळून मीठ राहतं, वाळू शिवणींत बसते, आणि परतीच्या गाडीत मांड्या घासून निघतात. बास्केटबॉलच्या शॉर्टवाला तरी त्यांच्यापेक्षा बरा सुटतो.

पोहणाऱ्यांच्या शर्यतीतही लांबी परत आली आहे. २००९ साली रोमला झालेल्या जागतिक जलतरण स्पर्धेत अंगभर पॉलियुरेथेनचे पोशाख घालून ४३ जागतिक विक्रम मोडले गेले. नंतर २०१० पासून ते बंद झाले आणि नियम झाला : पुरुषांचा पोशाख कापडाचा हवा, बेंबीच्या वर जाऊ नये आणि गुडघ्याच्या खाली उतरू नये. आता सराव करणारी पोरं ‘जॅमर’ नावाची गुडघ्यापर्यंतची घट्ट चड्डी घालतात आणि आपल्याकडच्या तलावांवर तिला कुणी अडवत नाही. बर्म्युडाइतकीच लांब, फक्त अंगाला चिकटलेली.