टोपीवरील स्तंभ

काशीचा अमृतराव घाट पाहताना मराठी यात्रेकरूस पेशवाईच्या अखेरच्या पर्वाची आठवण होते. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव यांनी 1803 मध्ये इंग्रजांशी तह करून वर्षासन स्वीकारले आणि 1824 मध्ये काशीतच देह ठेवला.

त्यांच्या काळच्या मराठी घोडदळात पलटणीचा बिल्ला ही कल्पना रुजलेली नव्हती. शिलेदार स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन येई. फौजेची ओळख पटे ती निशाणावरून, जरीपटक्यावरून. एकसारखा पोशाख आला तो कवायती पलटणींबरोबर. आज मराठा लाइट इन्फंट्रीच्या बिल्ल्यावर ढाल-तलवारींसह जे शिंग दिसते, ते आपल्याकडील रणशिंग नव्हे. विखुरलेल्या शिपायांना इशारे देणाऱ्या युरोपीय हलक्या पायदळाची ती खूण होय. प्रजासत्ताकानंतर सैन्याच्या चिन्हांवरील राजमुकुट गेला व अशोकस्तंभाचे सिंह आले. (शाळेचा बिल्ला हरविणाऱ्या मुलांना हा इतिहास मी मुद्दाम सांगते, उपयोग बेताचाच होतो.)

याहून विचार करावयास लावणारा बिल्ला महार रेजिमेंटचा. 1 जानेवारी 1818 रोजी भीमा कोरेगाव येथे अमृतरावांचे बंधू दुसरे बाजीराव यांच्या फौजेशी कंपनीची तुकडी लढली. तेथील स्मृतिस्तंभावर कोरलेल्या नावांत 'नाक' प्रत्ययाची अनेक नावे आहेत. ती महार शिपायांची. पुढे त्याच कंपनीच्या वारसदार सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात ती तात्पुरती सुरू झाली, पुन्हा थांबली. 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावास महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा दीर्घ पाठपुरावा होता. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता.

पेशव्यांच्या पराभवाची ही खूण मराठी माणसाने टोपीवर का मिरवावी, असे विचारणारे आजही भेटतात. माझ्या मते तो प्रश्न अपुरा आहे. ज्यांना पेशवाईत गावकुसाबाहेर राहावे लागले, आणि ज्यांचे शौर्य इंग्रजांनीही गरज सरताच विसरले, त्यांच्या हाती सैनिकी परंपरेचा दगडात कोरलेला पुरावा होता तो एवढाच.

1946 मध्ये रेजिमेंट मशीनगनधारी झाली, तेव्हा बिल्ल्यावर दोन व्हिकर्स तोफाबंदुका आल्या. कालांतराने स्तंभाची जागा खंजिराने घेतली. स्तंभ असलेला जुना बिल्ला कोणा माजी विद्यार्थ्याच्या घरी, आजोबांच्या ट्रंकेत जपलेला असेल, तर तो इतिहासाच्या तासाला मुलांना दाखवावयास अवश्य आणावा.