फ्रीजमधला कागद

लातुरात ज्या स्टुडिओत मी नोकरी केली, तिथं १९८४ साली फ्रीज आला. गल्लीत पहिलाच. शेजारचा पानवाला दोनदा येऊन विचारून गेला, "थंड बाटली ठेवली का विकायला?" मास्तर हसले आणि फ्रीजचं दार उघडून दाखवलं. आत ना दूध, ना भाजी. नुसते चपटे खोके. पानवाला म्हणाला, "कागदाला कुठं उकडतंय व्हय?"

कागदाला उकडतं, हे मला त्याच खोलीत कळलं. आज ते सगळं संपलंय. पण कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे म्हणून लिहितो.

मी दहावी झालो १९७७ ला. पुढं शिकायचं तर घरची सहा एकर कोरडवाहू, त्यात दोन बहिणींची लग्नं राहिलेली. वडिलांनी मला लातूरला पाठवलं. ओळखीतल्या मास्तरांचा फोटो स्टुडिओ होता. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, त्यांना सगळा गाव मास्तर म्हणायचा. झाडायचं, पाणी भरायचं, पडदा बदलायचा, हे माझं काम. वर्षभरानं त्यांनी मला डार्करूममध्ये घेतलं.

तेव्हा सगळं काळं-पांढरं होतं. उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना होता, त्यांचा 'इंदू' छाप माल आमच्याकडं यायचा. काळ्या-पांढऱ्या कागदाला लाल उजेड चालतो. लाल बल्बखाली ट्रेमध्ये कागद हलवत राहायचं. पांढऱ्याशार कागदावर आधी केस येतात, मग डोळे, मग सदऱ्याच्या गुंड्या. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

रंगीत फोटो जगात नवे नव्हते. अमेरिकेत कोडॅकनं निगेटिव्हवरून कागदावर रंगीत प्रत काढायची कोडाकलर फिल्म १९४२ लाच आणली होती. पण आमच्याकडं रंग पोचायला चाळीस वर्षं लागली. १९८२ ला दिल्लीत एशियाड झालं, रंगीत टीव्ही आला. त्याच वर्षी उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा झाला. त्यानंतर लग्नाच्या घरी लोक म्हणायला लागले, "फोटो कलरच पाहिजेत." पहिली दोन वर्षं आम्ही रोल बाहेर मोठ्या शहरात पाठवायचो. आठ-दहा दिवसांनी फोटो यायचे. मग मास्तरांनी एन्लार्जर घेतला, कागद आणला, आणि कागदासाठी फ्रीज.

आता कागदाचं सांगतो. काळ्या-पांढऱ्या कागदावर उजेड ओळखणारा थर एक. रंगीत कागदावर तीन. एक निळा उजेड ओळखतो, एक हिरवा आणि एक लाल. औषधात गेल्यावर त्यातून पिवळा, किरमिजी आणि मोरपंखी असे तीन रंग तयार होतात आणि एकावर एक बसून जगातले सगळे रंग दिसतात. ह्या कागदाला जवळजवळ सगळे उजेड दिसत असल्यामुळं लाल बल्ब बंद. एक अगदी मंद पिवळट-तपकिरी दिवा चालतो म्हणायचे, पण मास्तर तोही लावू द्यायचे नाहीत. काम मिट्ट अंधारात. भिंतीवरच्या घड्याळाच्या चमकणाऱ्या काट्यावरसुद्धा त्यांनी फडकं टाकलं होतं.

अंधारात हात शिकतात. कागद खोक्यात काळ्या पिशवीत असायचा. एक कागद काढला की पिशवीची घडी घालायची, झाकण लावायचं, मगच पुढं. रंगाची बाजू कोणती हे डोळ्यांना दिसत नाही. कागद किंचित ज्या बाजूला वळतो ती रंगाची, आणि ती बोटाला जरा चिकटल्यासारखी लागते. पण बोट कडेलाच लावायचं. मधे लागलं तर ठसा उमटतो. माझे हात नांगराचे, घट्टे पडलेले. मास्तर म्हणायचे, "कागदाला असं धर, जशी गरम भाकरी तव्यावरून उचलतोस. कडेनं."

दुसरी गोष्ट साठवणीची. हा कागद म्हणजे जिवंत बियाणं. उन्हाळ्यात लातूरचा पारा चाळिशीच्या वर. त्या खोलीत खोका महिनाभर राहिला तर कागद न वापरताच म्हातारा होतो. पांढरं पांढरं राहत नाही, पिवळट झाक येते. काळा रंग गडद येत नाही, सगळा फोटो सपक होतो. म्हणून फ्रीज. खोक्यावर तारीख आणि लॉट नंबर असायचा. आधी आलेला खोका आधी वापरायचा.

पण थंड खोका काढला आणि फोडला असं करायचं नाही. संध्याकाळी काम असेल तर सकाळीच बाहेर काढून ठेवायचा, निदान तीन-चार तास. नाहीतर बाहेरच्या हवेतली वाफ गार कागदावर धरते, पाण्याचे थेंब बसतात, कागद एकमेकांना चिकटतात. मला हे लगेच पटलं. आमच्या घरी ज्वारीचं पेव होतं. पेव उघडलं की वडील कुणाला लगेच आत उतरू द्यायचे नाहीत. आतली हवा विषारी असते. तोंड मोकळं ठेवून बराच वेळ थांबायचं. साठवलेली वस्तू उघडताना घाई करायची नाही, एवढंच दोन्हीकडचं शहाणपण.

तिसरी गोष्ट उजेड देण्याची. एन्लार्जरमध्ये निगेटिव्ह ठेवून खाली कागदावर चेहरा पाडायचा. किती सेकंद, हे आधी कुणालाच माहीत नसतं. म्हणून एका कागदाच्या पट्ट्या कापायच्या. पट्टी ठेवायची, वर पुठ्ठा धरायचा आणि पाच-पाच सेकंदांनी सरकवत जायचं. औषधातून काढल्यावर एकाच चेहऱ्यावर फिकट ते गडद असे पट्टे दिसतात. त्यातला बरोबर कोणता ते ठरवायचं.

मग रंग. दिव्याखाली पिवळ्या आणि किरमिजी रंगाच्या काचांसारख्या फिल्टर पट्ट्या घालायच्या. इथं सुरुवातीला माझी डोकेफोड झाली. फोटो पिवळा आला तर मी पिवळा फिल्टर काढायचो, आणि फोटो आणखी पिवळा यायचा. उलटं असतं. जो रंग जास्त झालाय, त्याच रंगाचा फिल्टर वाढवायचा. लालसर आला तर पिवळा आणि किरमिजी दोन्ही वाढवायचे. निगेटिव्हचा कारभारच उलटा. शिवाय एका लॉटचा हिशेब दुसऱ्या लॉटला लागत नाही. नवा खोका उघडला की पुन्हा पट्टीपासून सुरुवात.

उजेड दिलेला कागद अंधारातच गोल डब्यात भरायचा. झाकण लावलं की मग बल्ब लावायला हरकत नाही. औषध पस्तीस अंशाला पाहिजे. आम्ही गरम पाण्याच्या घमेल्यात बाटल्या ठेवायचो आणि थर्मामीटर बघत बसायचो. डबा लोळवायचा, औषध ओतायचं, काढायचं, दुसरं ओतायचं, मग धुवायचं. ओला फोटो निळसर दिसतो, त्यावर विश्वास ठेवायचा नाही. वाळू द्यायचा. आणि ट्यूबलाइटखाली बघायचा नाही, ती हिरवट असते. बाहेर ओट्यावर उजेडात नेऊन बघायचा.

हे सगळं मला नऊ-दहा वर्षांत हाताखालचं झालं होतं. मोठ्या शहरांत तोवर यंत्रं आली होती, एका बाजूनं रोल घातला की दुसऱ्या बाजूनं फोटो. पण मोठ्या आकाराचा फोटो आमच्याकडं हातानंच व्हायचा. आणि मग १९९३ साल आलं.

२९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून लोक दमून झोपले. ३० तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. माझं गाव औशाकडं, आमच्या घराला भेगा पडल्या, माणसं वाचली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं राहिली नाहीत. जाड दगड-मातीच्या भिंती, वर मातीचं माळवद. झोपलेल्या माणसांवर ते सगळं आलं. हजारो गेली. वरून पाऊस. मी पहिले पाच दिवस गावातल्या पोरांबरोबर ढिगारे उपसायला होतो. त्याबद्दल मी आजवर लिहिलं नाही, इथंही लिहिणार नाही.

सहाव्या-सातव्या दिवशी लातूरला गेलो. स्टुडिओच्या ओट्यावर माणसं बसलेली. फोटो काढायला नव्हे, फोटो मागायला. घरातले फोटो दगडाखाली गेले होते. माणूस गेलं, आणि त्याचा चेहराही गेला. पण आमच्याकडं निगेटिव्ह होत्या. मास्तरांची शिस्त, एकही निगेटिव्ह फेकली नव्हती. पाकिटावर नंबर, वहीत तारीख. लोक म्हणायचे, "तीन सालाआधी आल्तो, पोळ्याच्या मोहरं." आणि मास्तर वही चाळायचे.

मोठ्या कागदाचा एकच खोका शिल्लक होता, पन्नास कागदांचा, आठ बाय दहाचा. त्या दिवसांत वीज यायची-जायची. फ्रीज कधी गार, कधी कोमट. मी गेलो त्या दिवशी सकाळपासून वीज होती आणि खोका गारठलेला होता. मास्तर वहीत बुडालेले. बाहेर माणसं. मी खोका उचलला, डार्करूममध्ये शिरलो आणि फोडला.

नऊ वर्षं दुसऱ्यांना सांगत आलेली गोष्ट मी त्या दिवशी विसरलो. अंधारात बोटाला ओल लागली तेव्हा कळलं. वरचे कागद एकमेकांना चिकटले होते. घाबरून पिशवी बंद केली, तसाच उभा राहिलो. नंतर मोजलं. एकोणीस कागद वाया गेले.

बाहेर येऊन मास्तरांना सांगितलं. मला वाटलं, हात उगारतील. ते वहीवरून मान वर न करता एवढंच म्हणाले, "पेव उघडल्या उघडल्या आत उतरलास व्हय रे." आणि थोड्या वेळानं, "एकतीस राहिले. पट्ट्या बारीक काप."

त्या एकतिसांतला एक एका म्हाताऱ्या बाबांचा होता. किल्लारीजवळच्या गावाचे. मुलगा, सून आणि नातू, तिघंही गेले होते. स्वतः शेतात राखणीला होते म्हणून वाचले. आदल्या वर्षी नातवाचं जावळ काढल्यावर सून त्याला घेऊन आमच्याकडं आली होती. निगेटिव्ह सापडली. सून खुर्चीत, मांडीवर लेकरू, मागं आमचा बागेचा पडदा.

बाबा म्हणाले, "लुगडं डाळिंबी हुतं. तिच्या म्हायेरचं. रंग चुकू देऊ नका, मालक."

मला कुणी मालक म्हणायचं नाही. मी पट्टी कापली, तिच्या तोंडावर ठेवली, पुठ्ठा सरकवला. वाळवून ओट्यावर आणली. पट्टीवर अर्धी सून, पाच पट्टे, एकाहून एक गडद. बाबा शेजारी येऊन बघायला लागले. रंग फार लाल आला होता, लुगडं कुंकवासारखं भडक. मी दोन्ही फिल्टर वाढवले, पुन्हा पट्टी काढली. ह्या खेपेला बाबा म्हणाले, "जवळ आलं. जरा आणिक." तिसरी पट्टी बघून ते काही बोलले नाहीत. नुसती मान हलवली. मग मी पूर्ण कागद लावला.

लुगडं डाळिंबी आलं. लेकराचं झबलं मात्र पांढरं आलं नाही, पिवळट आलं. कागदानं ऊब खाल्ली होती, ती फिल्टरनं निघत नाही. मी तसं सांगायला गेलो तर बाबा म्हणाले, "झबलं जुनंच हुतं." पट्ट्या मी टोपलीत टाकत होतो. त्यांनी हात धरला. "त्या बी द्या. टाकू नका." आणि तिन्ही पट्ट्या पटक्याच्या शेवात बांधून घेतल्या. मास्तरांनी त्या दिवसांत कुणाकडून पैसे घेतले नाहीत.

त्या एकोणीस कागदांवर ज्यांचे चेहरे यायचे होते, त्यांतल्या काहींना पुढच्या खोक्यातून मिळाले. काही पुन्हा आलेच नाहीत. कुठं गेले, कुठल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, माहीत नाही. वहीतले त्यांचे नंबर मला बरीच वर्षं पाठ होते.

१९९६ ला वडील गेले आणि मी शेतीवर परत आलो. पुढं डिजिटल आलं. २०१२ च्या जानेवारीत कोडॅकनं दिवाळं जाहीर केल्याची बातमी मी पेपरात वाचली, सोयाबीनची पोती शिवता शिवता. मास्तर त्याआधीच गेले होते.

दहा-बारा वर्षांमागं एका लग्नाला त्या भागात गेलो होतो. बाबांचं नव्या वसाहतीतलं घर विचारत गेलो. बाबा नव्हते, पुतण्या होता. भिंतीवर फोटो होता, दारासमोर, रोजचं ऊन लागणारा. डाळिंबीचं आता फिकट गुलाबी झालं होतं. मी म्हणालो, "हा आतल्या भिंतीला लावायला पाहिजे होता." पुतण्या म्हणाला, "काकाला दारातनं दिसायला पायजे हुता."

मग त्यानं ट्रंकेतून एक कापडाची पुरचुंडी काढली. तीन पट्ट्या होत्या. वीस वर्षं अंधारात राहिलेल्या. तिसरी पट्टी मी दारात उजेडाला धरली. रंग जसाच्या तसा होता. मी ती कडेनं धरली होती. बघून झाल्यावर पुन्हा कापडात बांधून दिली आणि ट्रंकेचं झाकण लागलेलं बघूनच निघालो.