बोनसची दिवाळी, बिलाची दिवाळी

आमच्या पलूस भागात दिवाळीचं बजेट दोन तऱ्हेचं. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली आणि इथल्या माळावर कारखान्याचा पगार आला. १९६५ च्या कायद्याने बोनस हक्काचा झाला. पुढे तो किमान ८.३३ टक्के ठरला, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. त्यामुळे कामगाराच्या घरी कपडे, फराळ, भाऊबिजेची ओवाळणी, सगळी यादी आधीच तयार! ऊसवाल्याच्या घरी मात्र गेल्या हंगामाच्या बिलाचा शेवटचा हप्ता किती आणि कधी, हे साखर कारखाना सांगेपर्यंत यादी कोरीच. तोवर दुकानदाराच्या वहीवर उधारी. काटकसर दोन्ही घरांत सारखीच हो, पण हिशेब मांडता येतो तो आकडा आधी कळलेल्यालाच.