निळव्यापासून खंडीपर्यंत
महाराष्ट्रातील धान्याची जुनी मापे दुपटीच्या हिशेबावर उभी होती. २ निळव्यांचे १ कोळवे, २ कोळव्यांचे १ चिपटे, २ चिपट्यांचे १ मापटे, २ मापट्यांचा १ शेर, २ शेरांची १ अडशिरी आणि २ अडशिऱ्यांची १ पायली. एकही माप नसताना ढिगाचे डोळ्यांनी दोन वाटे करता येतात. पाच सारखे वाटे करणे मात्र अवघड. पायलीपुढे हा हिशेब सुटतो. मण कुठे १२ पायल्यांचा, कुठे १६ पायल्यांचा. खंडी २० मणांची. पायलीचा आकडा एकच असला तरी माप शिगोशीग भरले की काठोकाठ, यावरून पदरात पडणारे धान्य कमी-जास्त होई. खळ्यावर रास मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत आणि पुढे दोन, तीन असे मोजत.

वजनात भागाचे नाव पूर्णाच्या नावावरूनच पडे. पावशेर आणि अच्छेर, म्हणजे अर्धा शेर, यांच्या पोटात शेर उघड दिसतो. नवटाकात तो दडलेला आहे. शेर ७२ टांकांचा धरला, तर ९ टांक म्हणजे त्याचा आठवा भाग. पुढे ब्रिटिश अमलात ८० तोळ्यांचा शेर रूढ झाल्यावर हाच आठवा भाग १० तोळ्यांचा झाला, तरी नाव नऊचेच राहिले. दारूच्या गुत्त्यावरही हा शब्द पोचला, तेव्हा टांक कुणाच्या ध्यानातही नव्हता.

अशा व्यवहारासाठी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी घोकून घेत. औट म्हणजे साडेतीन. ४ पैशांचा आणा आणि १६ आण्यांचा रुपया असल्याने किमतीही पाव-अर्ध्याने सहज तुटत.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. वजने-मापेही १९५८ पासून टप्प्याटप्प्याने बदलली. शेर, साधारण ९३३ ग्रॅमचा, दुकानातून गेला. भाजीबाजारात मात्र २५० ग्रॅमचे वजन पारड्यात टाकून आजही ‘पावशेर’च मागतात. जमिनीत आणा टिकला: ३३ फूट लांब-रुंद म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा गुंठा, आणि त्याचे आणे १६.