पॉल जिंकला, पुढे काय? : 'ड्यून मसाया' आणि नाराज वाचकांची गोष्ट

(स्पॉयलरचा इशारा : पुढे 'ड्यून' आणि 'ड्यून मसाया' या दोन्ही कादंबऱ्यांचे शेवट सांगितले आहेत.)

त्रयीतल्या मधल्या पुस्तकाची अवस्था घरातल्या मधल्या भावंडासारखी असते. थोरल्याचं कौतुक होऊन गेलेलं असतं, धाकट्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. मधल्याकडे कोणी फारसं बघत नाही. फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून मसाया'च्या वाट्याला मात्र दुर्लक्ष नाही, राग आला. १९६९ साली हे पुस्तक आलं तेव्हा 'ड्यून'वर जीव टाकणारे वाचक हिरमुसले. आजही कोणी "ड्यून संपवली, पुढचं वाचू का?" असं विचारलं, की दोन उत्तरं हमखास मिळतात. एक, "पहिल्यावरच थांब." दुसरं, "वाच, पण तशी मजा नाही."

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. या नाराजीत दोन वेगवेगळ्या तक्रारी एकमेकींत मिसळल्या आहेत. एक तक्रार लिखाणाबद्दल आहे आणि ती बरीचशी रास्त आहे. दुसरी तक्रार "आमच्या नायकाचं हे काय केलंत?" अशी आहे. हर्बर्टला जे म्हणायचं होतं, त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे ही दुसरी तक्रार. त्या दोन्ही वेगळ्या करायच्या तर थोडं मागे जावं लागेल.

पंधरा वर्षांचा सुपरमॅन

'ड्यून' आधी पुस्तक म्हणून आली नाही. 'ॲनालॉग' या अमेरिकन मासिकात ती दोन हप्त्यांत आली : डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९६४ या तीन अंकांत पहिला भाग, जानेवारी ते मे १९६५ या पाच अंकांत पुढचा. मासिकाचा संपादक होता जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल. अमेरिकन विज्ञानकथेत तेव्हा त्याच्या शब्दाला मोठं वजन होतं. त्याला अलौकिक शक्ती असलेली माणसं फार आवडत. 'ड्यून'चं हस्तलिखित वाचून त्याने हर्बर्टचं अभिनंदन केलं, ते त्याला एका पंधरा वर्षांच्या सुपरमॅनचा बाप म्हणून. हा सुपरमॅन म्हणजे पॉल अट्रायडिस. कॅम्पबेलने पॉलकडे कसं पाहिलं, ते या एका अभिनंदनात आलं.

पुस्तक म्हणून 'ड्यून' छापायला वीसहून अधिक प्रकाशकांनी नकार दिला. शेवटी ती १९६५ मध्ये चिल्टन या प्रकाशनाने काढली. हे प्रकाशन ओळखलं जायचं ते मोटारदुरुस्तीच्या मॅन्युअल्ससाठी. पुढच्या वर्षी 'ड्यून'ला ह्यूगो पुरस्कार (रॉजर झेलाझ्नीच्या कादंबरीबरोबर विभागून) आणि कादंबरीसाठीचा पहिलावहिला नेब्युला पुरस्कार मिळाला. पुस्तक हळूहळू विद्यार्थ्यांच्या हातोहात फिरू लागलं.

गोष्ट थोडक्यात अशी. पॉलच्या घराण्याचा विश्वासघात होतो, वडील मारले जातात. आई आणि मुलगा वाळवंटात पळतात. तिथले फ्रेमेन लोक पॉलला आपला तारणहार मानतात. त्यांच्या जोरावर तो सम्राटाला गुडघे टेकायला लावतो. अन्याय, वनवास, सैन्य, सूड, सिंहासन. असा नायक आपल्यालाही अनोळखी नाही.

इशारे होते, वाचले कोणी?

आमच्या धंद्यात कोड कंपाइल करताना दोन प्रकारचे संदेश येतात. एरर आली की काम थांबतं. वॉर्निंग आली तर काम चालू राहतं, म्हणून ती सहसा कोणी वाचत नाही. 'ड्यून' अशा वॉर्निंग्जनी भरलेली आहे.

तारणहाराची दंतकथा मुळात फ्रेमेन लोकांची नाहीच. बेनी जेसेरिट या स्त्रियांच्या संघटनेने ती फार पूर्वी तिथे पेरून ठेवलेली आहे, अडचणीत सापडलेल्या आपल्या एखाद्या सदस्येला उपयोगी पडावी म्हणून. पॉल आणि त्याची आई ती जाणूनबुजून वापरतात. ग्रहाचा शास्त्रज्ञ काइन्स वाळवंटात मरताना त्याला भासात वडिलांचा आवाज ऐकू येतो : एखाद्या जनतेवर कोसळू शकणारी सर्वांत भयंकर आपत्ती म्हणजे तिचं एखाद्या नायकाच्या हाती सापडणं. आपल्या नावाने विश्वभर चालणारा जिहाद पॉलला भविष्यात पुन्हा पुन्हा दिसतो. शेवटाकडे त्याला कळतं, की स्टिल्गर आता आपला मित्र उरलेला नाही, भक्त झालाय.

सगळं पानांवर छापलेलं होतं. पण गोष्टीचा वेग इतका जबरदस्त, की वाचक पॉलच्या मागे धावत राहिले. प्रोग्रॅम चालला.

कॅम्पबेलचा नकार

मग हर्बर्टने एरर टाकली. १९८० मध्ये 'ओम्नी' मासिकात लिहिलेल्या लेखात त्याने सांगितलं, की तिन्ही पुस्तकं त्याच्या मनात एकच गोष्ट म्हणून होती, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकाचे काही भाग पहिलं पूर्ण होण्याआधीच लिहिलेले होते. म्हणजे 'मसाया' हे यशानंतर घाईने चिकटवलेलं शेपूट नव्हतं. सुपरहिरो मानवजातीसाठी घातक असतात, हेच त्याला पहिल्यापासून मांडायचं होतं.

कॅम्पबेलने 'मसाया' छापायला नकार दिला. त्याचं म्हणणं साधारण असं होतं, की विज्ञानकथांच्या वाचकांना हिरो हवे असतात, अँटीहिरो नकोत; नशिबावर मात करणारी खंबीर माणसं त्यांना वाचायची असतात. अखेर ती 'गॅलेक्सी' या दुसऱ्या मासिकात जुलै ते नोव्हेंबर १९६९ या पाच अंकांत आली आणि त्याच वर्षी पुटनम प्रकाशनाने तिचं पुस्तक काढलं.

कॅम्पबेलला निव्वळ जुनाट संपादक म्हणून निकालात काढता येत नाही. नियम मोडायला त्याची ना नव्हती. आयझॅक अ‍ॅसिमॉव्हच्या 'फाउंडेशन' मालिकेत हजार वर्षांची गणिती योजना सुरळीत चालली होती. ती योजना उधळून लाव, हा आग्रह कॅम्पबेलचाच. त्यातून 'म्यूल' हे पात्र जन्माला आलं आणि 'फाउंडेशन अँड एम्पायर' (१९५२) हे मधलं पुस्तक अनेकांचं लाडकं झालं. म्हणजे मधल्या पुस्तकाने धक्का दिलेला वाचकांना चालतो. पण म्यूल बाहेरचा होता. तो आला, त्याने सगळं उधळलं, तरी वाचकाची निष्ठा जिथल्या तिथे राहिली. 'मसाया'मध्ये उधळणारा बाहेरून येत नाही. वाचक ज्याच्यासाठी टाळ्या वाजवत होता, तोच तो असतो.

बारा वर्षांनंतर

'मसाया' सुरू होते ती पॉल सम्राट झाल्यावर बारा वर्षांनी. जिहाद होऊन गेला आहे. पॉल स्वतःच आकडे सांगतो : कमीत कमी अंदाजाने एकसष्ट अब्ज माणसं मारली, नव्वद ग्रह निर्जीव केले, पाचशे ग्रहांचं मनोधैर्य खचवलं. चंगीझ खान आणि हिटलर यांचे आकडे तो तुलनेसाठी पुढे ठेवतो, आणि ते त्याच्यासमोर किरकोळ ठरतात. हे सांगताना त्याला अभिमान नाही. पण थांबवताही येत नाही, कारण चळवळ आता त्याची राहिलेली नाही. त्याच्या नावावर चालणारं पुरोहितांचं आणि बाबूंचं एक अवाढव्य यंत्र उभं राहिलं आहे.

त्याच्याविरुद्ध कट शिजतो. त्यात त्याची नावापुरती बायको, राजकन्या इरुलानही आहे. एका अस्त्राच्या स्फोटात पॉल आंधळा होतो. त्याची प्रिय चानी जुळ्यांना जन्म देऊन मरते. आंधळ्याने वाळवंटात निघून जायचं, हा फ्रेमेन लोकांचा रिवाज. पॉल तो पाळतो आणि एकटा वाळूत चालत जातो. इथे हर्बर्टचा क्रूर विनोद असा, की या जाण्यामुळे लोकांच्या नजरेत तो आणखी मोठा होतो. देवपण सोडायला निघालेल्या माणसाच्या पाठीमागे आणखी एक दंतकथा उभी राहते.

रास्त तक्रार

आता लिखाणाबद्दलची तक्रार. 'ड्यून'मध्ये वाळवंट हेच एक पात्र होतं : पाण्याचा थेंबन् थेंब वाचवणारे पोशाख, प्रचंड वाळूकिडे, तहान. 'मसाया' त्याच्या निम्म्याहून लहान आहे आणि बराचसा वेळ खोल्यांमध्ये घुटमळते. कटवाले बसतात आणि बोलतात. प्रत्येक वाक्यात दुसरा अर्थ, त्यात तिसरा. एकसष्ट अब्ज माणसांचा संहार घडतो तो दोन पुस्तकांच्या मधल्या जागेत. आपल्याला फक्त आकडे मिळतात. ज्या भयाची जाणीव करून द्यायची, तेच दाखवायचं नाही, ही मला पुस्तकाची खरी कमजोरी वाटते.

एका ठिकाणी मात्र ते भय अगदी जवळ येतं. फारोक नावाचा एक म्हातारा फ्रेमेन सैनिक आपली कहाणी सांगतो. तो जिहादला का गेला? धर्मासाठी नाही. त्याने समुद्राबद्दल ऐकलं होतं, त्यावर विश्वास बसत नव्हता आणि तो त्याला पाहायचा होता. एका परक्या ग्रहावर तो खरोखर समुद्रात उतरतो आणि बाहेर येतो तेव्हा जिहादचा ज्वर उतरलेला असतो. त्याचा तरुण मुलगा युद्धात आंधळा होऊन परतलाय. तोही कटात सामील आहे. ही मोजकी पानं वाचून वाटतं, असे आणखी चार फारोक असते तर हे पुस्तक कुठल्या कुठे गेलं असतं.

दुसरी तक्रार

"पॉलचं असं व्हायला नको होतं" ही तक्रार वेगळी. हर्बर्टला राजकारण जवळून माहीत होतं. तो अनेक वर्षं पत्रकार होता आणि १९५४ मध्ये ओरेगनचे सिनेटर गाय कॉर्डन यांच्यासाठी भाषणं लिहायचा. केनेडींसारखा लोभस नेता अधिक धोकादायक, कारण लोक त्याला प्रश्न विचारत नाहीत, असं तो पुढे जाहीरपणे म्हणायचा. उलट निक्सन यांनी अमेरिकनांना सरकारवर अविश्वास ठेवायला शिकवलं, हे तो त्यांचं योगदान मानायचा.

पॉल दुष्ट असता तर हे पुस्तक सोपं झालं असतं. तो दुष्ट नाही. तो हुशार, हळवा, बायकोवर प्रेम करणारा आहे. तरीही एकसष्ट अब्ज. वाचकाने त्याच्यावर जीव लावला तो फ्रेमेननी लावला त्याच कारणांसाठी : त्याच्यावर अन्याय झाला होता, तो शूर होता आणि तो जिंकत होता. मग पुस्तक हिशेब मांडू लागलं तेव्हा वाचक हिशेबावर चिडला, नायकावर नाही. भक्तही हेच करतो.

मराठी वाचकाला ही रचना खरं तर परकी वाटू नये. आपल्याकडे कुरुक्षेत्राचा विजय हा महाभारताचा शेवट नाही. त्यानंतर मौसलपर्व आहे : यादव एकमेकांना मारतात, कृष्ण एका पारध्याच्या बाणाने जातो आणि अर्जुनाला सोबतच्या स्त्रियांचं रक्षणही करता येत नाही. इरावती कर्व्यांचं 'युगान्त' १९६७ चं, 'मसाया'च्या दोनच वर्षं आधीचं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण भीष्माच्या त्यागाची किंमत इतर कोणी चुकती केली, हे विचारण्याचं धाडस त्यात आहे. तो प्रश्न पॉलला लावला, की 'मसाया' उलगडायला लागते.

मत कसं बदललं

कॅम्पबेल १९७१ मध्ये वारला. त्याच्याच 'ॲनालॉग'मध्ये, नवा संपादक बेन बोव्हाच्या काळात, तिसरं पुस्तक 'चिल्ड्रन ऑफ ड्यून' १९७६ साली क्रमशः आलं आणि नंतर बेस्टसेलर ठरलं. पण पॉलची नायकाची प्रतिमा काही पुसली गेली नाही. १९८४ च्या डेव्हिड लिंचच्या चित्रपटाचा शेवट पाहा : पॉल चक्क पाऊस पाडतो! हर्बर्टला चित्रपट बराचसा आवडला होता, पण पॉल हा देव असल्याची बतावणी करणारा माणूस आहे, पाऊस पाडणारा देव नाही, ही कुरकुर त्याने नोंदवलीच.

खरा बदल घडवला तो देनी व्हिलनव्हने. हर्बर्टला वाचकांनी पॉलकडे जसं पाहिलं ते खटकलं होतं, हे तो मुलाखतींमध्ये सांगत आला आहे. म्हणून त्याने २०२४ च्या 'ड्यून : पार्ट टू'मध्ये 'मसाया'चा संशय आधीच आणून ठेवला. त्याची चानी दंतकथेवर विश्वास ठेवत नाही, आणि शेवटी पॉल फ्रेमेनना युद्धावर धाडतो तेव्हा ती पाठ फिरवून निघून जाते. मूळ कादंबरीत ती त्याच्याजवळच राहते. त्याचा तिसरा चित्रपट 'मसाया'वरच आधारलेला आहे. जे पुस्तक वगळून पुढे जा असं सांगितलं जायचं, त्याच्यासाठी आता लोक थांबून आहेत.

तेव्हा मला कोणी "पुढचं वाचू का?" असं विचारलं तर माझं उत्तर असं : वाच, पण 'ड्यून' संपल्यावर लगेच वाच, पॉलच्या विजयाची धुंदी डोक्यात असतानाच. कटवाल्यांची लांबलचक बोलणी कंटाळवाणी वाटली तर ती कंटाळवाणीच आहेत, उगाच स्वतःला दोष देऊ नकोस. फारोकची पानं मात्र सावकाश वाच. आणि पॉलचा राग यायच्या ऐवजी लेखकाचाच राग यायला लागला, तर पुस्तक मिटण्याआधी जरा थांबून बघ, तो राग नक्की कशाचा आहे.