तीन पेन्सांचा कर आणि तेरा वसाहती

राज्यक्रांति म्हटली म्हणजे उपासमार, जुलूम आणि असह्य करभार यांचें चित्र वाचकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. अमेरिकेंतील इंग्रज वसाहतींनीं १७७६ सालीं स्वातंत्र्य पुकारलें, त्याची हकीकत या चित्राशीं जुळत नाहीं. मॅसॅच्युसेट्सचा शेतकरी आपल्या इंग्लंडांतील भाऊबंदापेक्षां किती तरी कमी कर भरीत होता; बहुधा तो स्वतःच्या जमिनीचा मालक होता, व प्रांताच्या सभेसाठीं मत देत होता. अशा सुखवस्तु प्रजेनें बंड कां करावें? आमच्या मतें याचें उत्तर कराच्या रकमेंत नसून कर बसविण्याच्या अधिकारांत आहे. तो अधिकार कोणाचा, हें दीडशें वर्षें कोणींच स्पष्ट ठरविलें नव्हतें. सर्व अनर्थाचें मूळ तेंच होय.

१६०७ सालीं व्हर्जिनियांत पहिली टिकाऊ इंग्रज वसाहत झाली व सुमारें सव्वाशें वर्षांत अशा तेरा वसाहती उभ्या राहिल्या. प्रत्येकीस स्वतःची लोकनियुक्त सभा होती. कर मंजूर करी ती हीच सभा. पुष्कळ ठिकाणीं राजानें नेमलेल्या गव्हर्नराचा पगारहि तिच्याच हातीं असे. पार्लमेंट समुद्रावरील व्यापाराचे निर्बंध करी. पण त्यांचा अंमल इतका ढिला असे कीं चोरटा व्यापार बंदरोबंदरीं राजरोस चाले. लंडनची समजूत, साम्राज्यांत पार्लमेंट सर्वश्रेष्ठ. वसाहतींची समजूत, इंग्लंडांत जें पार्लमेंट तेंच येथें आमची सभा. दोनही समजुती प्रामाणिक होत्या. एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत असें म्हणतात. पण उपसण्याची वेळ आली नाहीं तोंवर या दोन तलवारी सुखानें राहिल्या.

ती वेळ १७६३ सालीं आली. फ्रान्सबरोबरचें सात वर्षांचें युद्ध जिंकून इंग्लंडानें कॅनडा मिळविला, परंतु राष्ट्रीय कर्ज सुमारें साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटींवर गेलें. अमेरिकेंत दहा हजार फौज ठेवावयाची ठरली. तिच्या खर्चाचा कांहीं अंश वसाहतींनीं सोसावा, असें मुख्य प्रधान ग्रेनव्हिल यास वाटलें. तें अवाजवी नव्हतें. पण उत्तरेकडील फ्रेंचांची भीति नाहींशी होतांच इंग्रज फौजेची गरजहि वसाहतवाल्यांस वाटेनाशी झाली. त्यांत ॲपलेशियन पर्वतापलीकडे वसती करूं नये असा राजाचा जाहीरनामा निघाला, आणि नव्या जमिनींवर डोळा ठेवून बसलेले लोक चिडले.

१७६५ सालीं स्टँपाचा कायदा झाला. दस्तऐवज, परवाने, वर्तमानपत्रें, फार काय पण खेळावयाचे पत्तेहि त्यांतून सुटले नाहींत. वकील व छापखानेवाले यांच्या खिशास हात घालणें शहाणपणाचें नव्हतें, कारण बोलणें व लिहिणें हाच त्यांचा धंदा. नऊ वसाहतींचे प्रतिनिधि न्यूयॉर्क येथें जमले व आमच्या प्रतिनिधींच्या संमतीवांचून आमच्यावर कर नको, असें त्यांनीं बजाविलें. लंडनचें उत्तर असें कीं, मँचेस्टर व बर्मिंगहॅम यांचेहि स्वतंत्र सभासद पार्लमेंटांत नाहींत, तरी तीं शहरें कर भरतातच. या उत्तरानें वसाहतींचें समाधान झालें नाहीं. मँचेस्टरवर अन्याय होतो एवढें मात्र सिद्ध झालें!

१७६६ सालीं पार्लमेंटनें तो कायदा रद्द केला. पण त्याच वेळीं दुसरा कायदा करून, कोणत्याहि बाबतींत वसाहतींस बंधनकारक निर्बंध करण्याचा आपला अधिकार जाहीर केला. तिढा सुटण्याऐवजीं पक्का झाला. पुढील वर्षीं टाउनशेंड यानें कांच, शिसें, रंग, कागद व चहा यांवर जकात बसविली, आणि तिच्या उत्पन्नांतून गव्हर्नर व न्यायाधीश यांचे पगार देण्याची योजना केली. म्हणजे सभेच्या हातांतील लगामच काढून घेतला. वसाहतींनीं इंग्रजी मालावर बहिष्कार घातला. १७७० सालीं बाकीच्या जकाती उठल्या. चहावर मात्र पौंडामागें तीन पेन्स कायम राहिले. तिजोरीसाठीं नव्हे, तर अधिकाराची खूण म्हणून!

येथें या कथेचा धागा आपल्या देशाशीं येऊन मिळतो. १७७० च्या बंगालच्या भीषण दुष्काळानंतर, व आपल्याच कारभाराच्या अंदाधुंदीनें, ईस्ट इंडिया कंपनी दिवाळ्याच्या काठावर आली होती. आणि लंडनला तिच्या वखारींत चिनी चहाचे ढीग पडून होते. १७७३ सालीं पार्लमेंटनें तिला चौदा लक्ष पौंड कर्ज दिलें, रेग्युलेटिंग ॲक्टानें तिच्यावर देखरेख बसविली, आणि अमेरिकेंत परभारें चहा विकण्याची तिला सवलत दिली. त्यामुळें जकात धरूनहि चहा पूर्वींपेक्षां स्वस्त होणार होता. परंतु हा स्वस्त चहा पिणें म्हणजे अधिकार मान्य करणें, हें वसाहतवाल्यांनीं ओळखलें. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्रीं बॉस्टन बंदरांत ३४२ पेट्या समुद्रांत रित्या झाल्या. चोरट्या चहाच्या व्यापाऱ्यांचा स्वार्थ त्यांत होताच. पण केवळ स्वार्थानें वसाहती एक होत नाहींत.

त्या एक झाल्या त्या पुढील वर्षींच्या शिक्षेनें. बॉस्टन बंदर बंद झालें, मॅसॅच्युसेट्सची सनद बदलली गेली. आणि आज त्यांच्यावर तें उद्यां आपल्यावर, हें ओळखून बारा वसाहतींचे प्रतिनिधि फिलाडेल्फियास जमले. मार्च १७७५ मध्यें एडमंड बर्क यानें पार्लमेंटांत कळवळून सांगितलें कीं, अधिकाराचा काथ्याकूट सोडा, या लोकांस संतुष्ट ठेवण्यांत आपलें हित आहे तें पाहा. कोणीं ऐकलें नाहीं. १९ एप्रिल रोजीं लेक्झिंग्टन येथें बंदुका झडल्या. तरीहि जुलैमध्यें वसाहतींनीं राजाकडे समेटाचा अर्ज धाडला. राजानें त्यांस बंडखोर ठरविलें. मग तुटण्यावांचून मार्ग राहिला नाहीं.

खरी विटंबना पुढेंच आहे. ज्या अधिकारासाठीं रक्त सांडलें, तो वसाहतींवर उत्पन्नासाठीं कर बसविण्याचा अधिकार १७७८ सालीं पार्लमेंटनें कायद्यानेंच सोडून दिला! पण साराटोगा येथें इंग्रज सेना शरण गेली होती व फ्रान्स वसाहतींस मिळाला होता. जें १७६६ सालीं दिलें असतें तर साम्राज्य वांचतें, तें आतां कोणी घेईना.

विजयी पक्षाचें तत्त्वहि आपल्या उंबरठ्याशीं अडखळलें. १७९० च्या पहिल्या खानेसुमारींत त्या स्वतंत्र राष्ट्राच्या सुमारें ३९ लक्ष लोकांपैकीं जवळजवळ ७ लक्ष गुलाम होते. त्यांची संमति कोणीं विचारली नाहीं. आणि १७७८ चा तो कायदा अमेरिका व वेस्ट इंडीज यांपुरता होता. १७८१ सालीं यॉर्कटाउन येथें शरण गेलेला कॉर्नवॉलिस १७८६ सालीं गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यास आला. बंगालचा सारा त्यानें १७९३ सालीं कायमचा ठरविला, तेव्हां रयतेची सभा तेथें नव्हतीच. अधिकाराचा प्रश्न मिटत नसतो. तो फक्त एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जातो.